कोऱ्याची पाटी

१

रोज सकाळी साडेनऊला अंकिता काचा पुसायची. आठ कपाटं, आठ काचा, जुन्या पेपरचा बोळा आणि पाण्याची फवारणीची बाटली. पुरातत्त्वाचं एम.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलेली मुलगी, आणि काम काय, तर लोकांच्या नाकाचे डाग काढणं. लोक काचेला नाक लावूनच बघतात. त्यांचा तिला राग नव्हता. बघायलाच आलेत, बघणार. राग होता तो प्रत्येक कपाटाखालच्या पितळी पाटीचा.

वस्तू, धातू, शतक, सापडल्याचं गाव, आणि सगळ्यांत खाली एकच ओळ : ‘संशोधन : डॉ. महादेवप्पा कलशेट्टी’. आठही पाट्यांवर.

आठांतल्या पाच वस्तू अंकितानं शोधल्या होत्या. दोन वर्षं स्कूटीवर, एसटीनं, उसाच्या ट्रॅक्टरवर बसून ती सोलापूर जिल्ह्यातली देवळं फिरली होती. करकंबच्या रस्त्यावर खडीवरून स्कूटी घसरली, तेव्हाची खूण अजून डाव्या भुवईतून आरपार होती. मग कलशेट्टी सरांचं पुस्तक आलं. त्यात पान सातवर ‘माझ्या एका विद्यार्थिनीचे सहकार्य’ एवढंच. अंकिता दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात गेली नाही.

पप्पांनी पुस्तक चाळलं आणि विचारलं, “तुझं नाव कुठंय यात?” जसं काही तीच कुठंतरी विसरून आली होती.

मग कॉलेजनं जूनमध्ये तीन महिन्यांचं प्रदर्शन भरवलं, ‘आपला ठेवा, आपल्यासाठी’. सरांचा फोन आला. “लोकांना समजावून सांगायला तुझ्यासारखं कुणी नाही.” ती गेली. एका अटीवर, की मधल्या कपाटाच्या पाटीवर तिचं नाव येईल.

“बघू,” सर म्हणाले.

ही पिढी ‘नाही’ म्हणतच नाही. ‘बघू’ म्हणते, आणि मग तुम्ही बघत बसता. जुलै संपत आला होता आणि अंकिता बघत होती.

२

मधल्या कपाटात मुखवटा होता. पंचधातूचा, तेराव्या शतकातला, मोठ्या माणसाच्या तोंडाएवढा. कान होते, मुकुटाची कड होती, आणि मध्ये काहीच नव्हतं. नाक, डोळे, ओठ, सगळं सपाट, ताटासारखं चकचकीत.

गावातले लोक त्याला ‘कोरा’ म्हणायचे. करकंबच्या पुढं, उसात दडलेलं गाव. तिथं बजाबाई नावाची म्हातारी दर अवसेला तो घासायची. अंकितानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मुखवटा मांडीवर घेऊन बसली होती आणि भांडं घासावं तसा चिंच-राखेनं खसाखसा घासत होती.

“देवाला असं घासतात होय आजी?”

“मग कसं घासत्यात?”

“पण चेहरा झिजतो की त्याचा.”

“झिजायलाच घासतोय की. न्हाय घासलं तर तोंड याया लागतंय.”

“कुणाचं?”

बजाबाईनं हात थांबवला नाही. “ज्येच्या नावावर आसंल त्येचं. म्हून आमी कुणाच्याबी नावावर करत न्हाय. ना पुजाऱ्याच्या, ना पाटलाच्या. कोरा म्हनायचं, घासायचं आन ठिवून द्यायचं.”

अंकितानं हे सगळं लिहून काढलं. सव्वीस पानं. सरांनी पानं बाजूला काढली. “ही भाकडकथा झाली, अंकिता. पुरातत्त्व नव्हे.” पुस्तकात त्यांनी लिहिलं, ‘भाविकांच्या शतकानुशतकांच्या प्रेमळ स्पर्शाने मुखवट्याची झीज झाली आहे.’ गावात मुखवटा ताब्यात घेताना मात्र म्हणाले, “घासून घासून देवाचं तोंड घालवलंत तुम्ही लोकांनी.” आणि कपाटावर सूचना लावली : या वस्तूस चिंच, राख वा लिंबू लावू नये.

मुखवटा गावातून आला तो एप्रिलमध्ये. तेव्हापासून तीन अवसा गेल्या होत्या.

३

रोज एका वस्तूचा फोटो काढून प्रदर्शनाच्या ग्रुपवर टाकायचा, हे अंकिताचं दुसरं काम. त्या मंगळवारी मुखवट्याची पाळी होती.

तिनं मोबाईल धरला, आणि पडद्यावर मुखवट्याभोवती पिवळा चौकोन आला.

माणसाचा चेहरा दिसला की मोबाईल काढतो तो चौकोन. गावात तिनं याच मोबाईलवर याच मुखवट्याचे दोनशे फोटो काढले होते. चौकोन एकदाही आला नव्हता, उलट दरवेळी बोट लावून लावून नेम धरावा लागायचा. तिनं मोबाईल खाली घेतला. पुन्हा धरला. चौकोन आला आणि हलला नाही.

काचेतलं आपलंच प्रतिबिंब असणार. ती बाजूला सरकली. चौकोन मुखवट्यावरच राहिला.

तिनं वाकून पाहिलं. सपाट धातूवर वरच्या दिव्याची तिरीप पडली होती, आणि जिथं नाक असावं तिथं ती तिरीप किंचित वाकली होती. गादीखाली काहीतरी राहून गेलं की चादर उचलते, तितकीच.

“काय बघायली गं?” दारातून हारूनचाचांनी विचारलं. अठरा वर्षं ते या इमारतीच्या दारावर होते.

“काही नाही चाचा. डाग पडलाय.”

“मग पूस की. हातात बोळा हाय नव्हं.”

४

धातू वाढत नाही. हे अंकिता स्वतःला दिवसभर सांगत राहिली. धातू झिजतो, गंजतो, तडकतो. वाढत नाही.

तिनं कपाट उघडून मुखवटा तागडीवर ठेवला. वजन ग्रॅमला ग्रॅम तेच. मग चहूबाजूंनी नवे फोटो घेतले, संगणकावर त्यांचं त्रिमितीय चित्र जुळवलं आणि मार्चमध्ये गावात काढलेल्या फोटोंच्या चित्रावर ठेवलं. जिथं फरक नाही तिथं निळं, जिथं उंचवटा तिथं लाल दिसतं.

कान निळे. मुकुट निळा. मध्ये उभी लाल रेघ, नाकाएवढी. दोन मिलिमीटर. आणि दोन्ही बाजूंनी गालाचे भाग तेवढेच खोल गेलेले, जसं काही मधलं उचलायला आजूबाजूचं उसनं घेतलंय.

लेन्स वेगळी असेल. उजेड वेगळा असेल. मार्चमध्ये झाडाखाली काढले होते, इथं दिवे आहेत. तिनं तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा खालच्या बाजूला आणखी एक आडवी लाल रेघ होती, पहिल्या दोन वेळेला ती नव्हती.

संध्याकाळी स्कूटी काढताना मोबाईल वाजला. फोटोंच्या ॲपनं माणसांचे गट पाडले होते आणि आता दोन चेहरे शेजारी ठेवून तिला विचारत होतं : ‘या दोन्ही एकच व्यक्ती आहेत का?’

डावीकडे मुखवटा. उजवीकडे उद्घाटनाला फीत कापताना हसणारे महादेवप्पा सर.

होय. नाही. सांगता येत नाही.

अंकितानं तिसरं बटण दाबलं. आणि खोटं कशाला, तिला हसू आलं.

५

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या हजेरी मशीनसमोर सर उभे होते. चेहरा दाखवला की ते यंत्र नाव उच्चारतं आणि हजेरी लावतं.

“कृपया पुन्हा प्रयत्न करा,” यंत्र म्हणालं.

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

रांगेतले दोघं हसले. सर वळले आणि तरातरा प्रदर्शनाच्या दाराकडे आले. हारूनचाचांनी हात आडवा घातला. “ओ साहेब, थांबा जरा. आधी व्हिजिटर बुकात नाव लिवा की.”

“हारून, मी आहे.”

चाचा त्यांच्याकडे बघत राहिले, मग आवाज ओळखून खाडकन उठले. “माफ करा सर. डोळे गेले बगा माझे, मोतीबिंदू झाला वाटतं.”

अंकितानं आतून बघितलं. सर तेच होते. तोच सफारी, तीच डाय केलेली मिशी. पण नाकाचा दांडा बोथट दिसत होता. आठ दिवस वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा. कपाळावरच्या आठ्या, ज्यांना दोन वर्षं ती घाबरली होती, त्या गुळगुळीत झाल्या होत्या.

तिनं मागं वळून मधल्या कपाटाकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

बरं झालं, असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे वाटलंच. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव ठोकलं ना, घ्या आता.

६

शुक्रवारी बजाबाई आली. पहाटेची एसटी धरून, एकटी, हातात कापडी पिशवी. कपाटासमोर गेली, पण हात जोडले नाहीत. एक नजर टाकली आणि पदर डोळ्यांवर ओढला.

“कुनाच्या नावावर केलं ह्येला?”

अंकितानं पाटी वाचून दाखवली.

“त्यो म्हातारा व्हय, आमाला अडानी म्हनत हुता त्यो?”

“तोच.”

“त्येला सांगितलं न्हाईस तू?”

“सव्वीस पानं लिहिली होती आजी. फेकून दिली त्यांनी.”

“म्हंजे त्येला ठावं न्हाय.” बजाबाईनं पिशवीतून एक पुडकं काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. चिंच आणि राख, फडक्यात बांधलेली. “हे बग. अजून पुरतं आल्यालं न्हाय. तवर घास. आन ती पाटी काढ. पुरतं आल्यावर मातर हात लावू नगं. मग घासलंस तर ज्येचं तोंड त्येचं जाईल.”

“तुम्हीच घासा की. किल्ली आहे माझ्याकडं.”

“मला त्यो वरचा कागद वाचून दावला की दारावरच्या मानसानं. पोलिसात दीन म्हनला. तू हितली हायस. तुजं ऐकत्यात.”

माझं ऐकतात. अंकिताला ते इतकं लागलं की ती पुडक्याकडं बघतच राहिली. दोन वर्षं एकानंही ऐकलं नव्हतं. आता ज्यानं ऐकलं नाही त्याचंच तोंड तिनं वाचवायचं, नियम मोडून, नोकरी घालवून, आणि वर पाटी त्याचीच.

“बघू,” ती म्हणाली.

“बगू नगं गं बाई. घास.”

बजाबाई अकराच्या गाडीनं परत गेली. पुडकं टेबलाच्या खणात गेलं.

७

सर चार दिवस रजेवर होते. पाचव्या दिवशी आले ते उकाड्यात मफलर गुंडाळून, वर फक्त चष्मा. हातात पेपरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी आणि एक स्क्रू ड्रायव्हर.

“तुझं म्हणणं रास्त होतं,” ते म्हणाले. “उशीर झाला मला.”

पेपर उलगडला. नवी पाटी. पंचधातूचा मुखवटा, तेरावं शतक, आणि खाली : ‘संशोधन : अंकिता वाघचवरे’.

“एकटीचं?”

“एकटीचंच. माझं काय त्यात?”

जुनी पाटी त्यांनी स्वतः गुडघे टेकून काढली. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा त्यांनी मफलरच्या आतून श्वास सोडला, पाठीवरचं पोतं उतरवावं तसा.

तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रदर्शनाची पुस्तिका नव्यानं छापून आणली होती, पाच हजार प्रती, वर मुखवटा आणि खाली तिचं नाव. कॉलेजच्या संकेतस्थळावर तिचं नाव. पेपरांना बातमी गेली होती. शाळांच्या ग्रुपवर, जुळे सोलापूरच्या कॉलन्यांच्या ग्रुपवर. “संशोधन लोकांपर्यंत गेलं पाहिजे,” सर म्हणाले. “आणि संशोधकही.”

अंकिता बाथरूममध्ये जाऊन रडली, आणि रडल्याबद्दल स्वतःवरच चिडली. मग तिनं पाटीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढला. पडद्यावर दोन चौकोन आले. तिच्या आनंदात तिला ते खटकलंही नाही.

खणातलं पुडकं खणातच होतं.

८

“धन्यवाद, डॉ. महादेवप्पा कलशेट्टी,” यंत्र म्हणालं. सोमवारची सकाळ. सरांच्या गळ्यात मफलर नव्हता. नाक सुरीसारखं, कपाळावर सगळ्या आठ्या जागच्या जागी.

अंकिता आपली बाटली आणि बोळा घेऊन दाराशी आली.

“म्याडम,” हारूनचाचा म्हणाले, “प्रदर्शन दहाला उघडतंय. तोपर्यंत बुकात नाव लिवा की. कुटनं आलात?”

“चाचा, मी आहे.”

चाचांनी डोळे चोळले. “हां गं. हां. आज डॉक्टरला दाखवतोच डोळे.”

सकाळपासून मोबाईल चेहऱ्यानं उघडत नव्हता. आकडे मागत होता. कॅमेरा बिघडला असेल, असं ती समजली होती. आता ती सरळ मधल्या कपाटाकडे गेली.

आधीचं धारदार नाक गेलं होतं. त्या जागी बसकं, रुंद नाक होतं. ओठ मिटलेले. डाव्या बाजूला भुवईची नाजूक कड उठली होती, आणि तिच्या मधोमध आरपार एक चीर.

करकंबचा रस्ता. खडी.

ती सरांच्या खोलीत न विचारता शिरली. सर लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिले.

“अंकिता ना?”

“ती सव्वीस पानं. तुम्ही फेकली नव्हती.”

“मी विद्यार्थ्यांचं काहीच फेकत नाही.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “आधी खोटंच वाटलं होतं मला. मग मशीननं मला नाकारलं, घरी नातीनं ओळखलं नाही. तेव्हा कपाटातून काढून पुन्हा वाचली. चांगलं लिहिलं आहेस तू. अगदी नेमकं.”

“सर, नाव काढा माझं.”

“कुठून कुठून?”

त्यांनी हे दुष्टपणानं विचारलं असतं तर तिला सोसलं असतं. त्यांनी ते विचारलं परीक्षेत तोंडी प्रश्न विचारावा तसं. उत्तर तिला माहीत होतं. पाच हजार पुस्तिका. बातमी. ग्रुपांचे ग्रुप.

“तुला हवं होतं ना,” सर म्हणाले आणि टोपण काढून पुन्हा लिहायला लागले.

९

तिनं पाटी उचकटली. खणातलं पुडकं काढलं. कपाटाचं कुलूप उघडून मुखवटा टेबलावर घेतला, राख चिमटीत धरली, आणि थांबली.

पुरतं आल्यावर हात लावू नगं.

पुरतं आलंय का? नाक होतं. ओठ होते. डोळे मिटलेले होते, निदान मघाशी मिटलेले होते. आता उजव्या पापणीखाली केसाएवढी काळी फट होती. पूर्ण झालं की अजून थोडं बाकी आहे, हे ठरवायला शेजारी ताडून बघायला काहीतरी हवं. मापायला हवं. तिनं कपाटाच्या काचेत पाहिलं. काच स्वच्छ होती, तिनं स्वतः पुसलेली. काचेत दिवे दिसत होते, मागची सात कपाटं, दारातली चाचांची खुर्ची, आणि तिच्या कुर्त्याचा गळा. गळ्याच्या वर—

तिनं नजर काढून घेतली. मुखवटा आत ठेवला. कुलूप लावलं. दिवसभर ती टेबलाशी भिंतीकडं तोंड करून बसली. शाळेची एक तुकडी येऊन गेली. पोरींनी काचेला नाकं लावली, पुस्तिकेवरचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि एकीनं दुसरीला विचारलं, “ह्या बाई कुठं असतात गं?”

१०

जुळे सोलापूरला घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. घराची किल्ली ती सकाळी आतच विसरली होती. तिनं बेल दाबली. मुठीत पुडकं होतं, घामानं राख ओली झाली होती.

दार पप्पांनी उघडलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरात बनियनवरच असायचे. आज इस्त्रीचा शर्ट होता. हातात पेपर, घडी घालून बरोबर त्या बातमीवर आणलेला.

तिनं बोलायला तोंड उघडलं. म्हणजे उघडायला गेली. काहीच हललं नाही.

“कोण पाहिजे आपल्याला?” पप्पांनी विचारलं. मग स्वतःच हसले, इतकं मोकळं हसताना तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “अंकिताकडं आलात का? सकाळपासून चौथे तुम्ही. या की, बसा. पोरगी यायचीच आहे.”

त्यांनी तिला आत घेतलं. खुर्ची पुढं केली. पाणी आणून दिलं आणि समोर पेपर धरला, बोट ठेवून, तिला नीट वाचता यावं म्हणून.

“हे बघा. दोन वर्षं लोकांनी तिचं खाल्लं हो. मीसुद्धा नाही नाही ते बोललो. पण आता छापून आलंय,” पप्पा म्हणाले. “आता कुणी पुसायचं म्हटलं तरी पुसणार नाही.”